विश्लेषण : जनुकांतील अंतर मोजणारे कोसंबी संशोधन संस्थेबाहेर का पडले?

भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादकांना गादमाशी नवी नाही. रोपातून लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखी नळी निघाली की तो फुटवा वाया गेलाच. या किडीला दाद न देणारे वाण तयार करताना प्रतिकाराचे जनुक गुणसूत्रावर नेमके कुठे आहे, हे शोधावे लागते. त्यासाठी जगभर वापरले जाणारे एक सूत्र १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मांडणारे दामोदर धर्मानंद कोसंबी ना शेतीतज्ज्ञ होते ना डॉक्टर. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते.

हे सूत्र काय सांगते?

एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके पुढच्या पिढीत जाताना कधीकधी एकमेकांपासून सुटतात. जितकी दूर, तितकी सुटण्याची शक्यता जास्त. पण मधल्या भागात दोनदा अदलाबदल झाली, तर जनुके पुन्हा एकत्र दिसतात आणि मोजणी चुकते. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी सहसा होत नाही. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता, कोसंबींनी तो धरला. फरक किती? शंभरातील २० वेळा जनुके सुटली, तर हॉल्डेन यांच्या हिशेबाने अंतर सुमारे २५.५ एकक येते, कोसंबींच्या हिशेबाने सुमारे २१.२. माणसातील आनुवंशिक आजारांची जनुके शोधतानाही हाच हिशेब लागतो.

फक्त जनुकशास्त्रच?

नाही. गोव्यात ३१ जुलै १९०७ रोजी जन्मलेले कोसंबी वडील धर्मानंद यांच्यासोबत लहानपणी अमेरिकेला गेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतले. बनारस, अलीगढ आणि १९३३ पासून पुणे असा प्रवास झाला. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. तिथेही प्राचीन नाणी तोलून, ती किती काळ हातोहात फिरली असतील याचे गणित त्यांनी मांडले. १९४३ च्या त्यांच्या एका शोधनिबंधात गुंतागुंतीच्या संदेशातून मोजके महत्त्वाचे घटक वेगळे काढण्याची पद्धत आहे. प्रतिमा साठवणे, चेहरे ओळखणे यामागे हीच कल्पना आहे. अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र ती बहुधा कार्हुनेन आणि लोएव्ह या दोन नावांनीच शिकवली जाते, आणि त्या दोघांचे काम कोसंबींच्या नंतरचे आहे.

मग बिनसले कुठे?

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतील कण हा तिथला मोठा विषय होता. गणितासाठी भाभांनी कोसंबींना बोलावले. ते पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत राहिले. पुढे अंतर वाढत गेले. भाभांचा भर अणुऊर्जेवर, कोसंबींचा आग्रह सौरऊर्जेचा.

खरा घाव मात्र त्यांनी स्वतःच ओढवून घेतला. रीमानचे गृहीतक हे मूळ संख्यांशी निगडित कोडे १८५९ पासून सुटलेले नाही. बरोबर शंभर वर्षांनी कोसंबींनी संभाव्यतेच्या वाटेने त्यावर मांडणी केली आणि ती छापली कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी ती मान्य केली नाही. युक्तिवाद सदोषच होता, पण त्या एका निबंधाने आधीच्या तीस वर्षांच्या कामावरही सावली पडली, हे अन्यायाचे होते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले, वयाच्या ५८ व्या वर्षी. आज जनुकांचे नकाशे काढणारी संगणक प्रणाली उघडली की अंतराचे सूत्र निवडावे लागते. पर्यायांत दोन नावे हमखास असतात : हॉल्डेन आणि कोसंबी.