लॉर्ड कॉर्नवॉलिस

लॉर्ड चार्ल्स कॉर्नवॉलिस १७३८ साली लंडनमध्ये जन्मले. अमेरिकन वसाहतींवर हवे ते कायदे करण्याचा हक्क पार्लमेंटने १७६६ मध्ये सांगितला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या पाच उमरावांत ते होते. तरी दहा वर्षांनी, राजाचे सरदार म्हणून, त्याच लोकांशी लढायला ते अमेरिकेत उतरले. कॅम्डेन त्यांनी जिंकले. यॉर्कटाउनला मात्र जमिनीवर वॉशिंग्टन आणि समुद्रात फ्रेंच आरमार, असे कोंडले गेले. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी फौजेने शस्त्रे खाली ठेवली. साहेब आजारपण सांगून आलेच नाहीत. तलवार घेऊन हाताखालच्या ओहारांना पाठवले! पुढे हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल असताना मराठे व निजाम यांना सोबत घेऊन त्यांनी १७९२ मध्ये टिपूला तहाला आणले. सामाजी दिवेकर ज्याच्या कैदेत होते, तोच हा टिपू. १८०५ साली ते गाझीपूरला वारले. तिथेच त्यांची कबर आहे.