पेडण्याचे भाऊसाहेब

कोल्हापूरच्या जुन्या घरांतून गोमंतकाचे नाव निघाले की पहिल्याने आठवते ते गाणे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची तालीम पुढे केरीच्या केसरबाईंना आणि कुर्डीच्या मोगूबाईंना मिळाली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असे. ज्या समाजात या थोर गायिका जन्मल्या, त्याच गोमंतक मराठा समाजातला एक पुरुष पुढे गोव्याचा पहिला मुख्यमंत्री झाला, ही गोष्ट मात्र आपल्या बैठकींतून तितकीशी निघत नाही. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर हे त्यांचे नाव. साऱ्या गोव्याचे ते भाऊसाहेब. त्यांच्याविषयी लिहावयाचे माझ्या मनात पुष्कळ दिवस होते. लिहिण्याचे टाळत आलो त्याला कारण घरचेच आहे, आणि ते आधी सांगून टाकतो.

माझे आजोळ डिचोली महालातले. आजोबा भाटकार, म्हणजे जमीनदार. फार मोठे नव्हेत, पण कुळे राखून होते. त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या मामांनी जपून ठेवल्या होत्या, त्या मी पाहिल्या आहेत. एका शेताची नोंद वर्षानुवर्षे सारखी आहे : पीक चोवीस खंडी, आमचा वाटा बारा. पुढे एका पानावर तोच आकडा एकाएकी चारावर येतो. त्या बारांचे चार करणारा माणूस म्हणजे भाऊसाहेब बांदोडकर. आमच्या आजोळी त्यांचे नाव पुष्कळ वर्षे कपाळाला आठी घालूनच घेतले जाई.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेलेले. पेडणे तर त्यापूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांचे. त्यामुळे तिकडची देवळे, दशावतार, पंचांग आणि पत्रव्यवहार हे सारे तेरेखोलच्या खाडीपलीकडच्या मुलखाशी जुळलेले. लिसबनचा अंमल कचेरीत, मराठी घरात, अशी तिथली तऱ्हा. जमीन थोड्या घराण्यांची, कसणारे पुष्कळ. त्यातून भाऊसाहेबांचा समाज देवळाच्या सेवेशी बांधलेला. कलेत मान होता, पण पंक्तीत नव्हता. अशा ठिकाणी जन्मलेल्या मुलाला पुढे जाण्याचा रस्ता एकच होता, आणि तो म्हणजे व्यापार.

त्या व्यापाराला दैवाने हात दिला तो डोंगराच्या पोटातून. दुसरे महायुद्ध संपल्यावर डिचोली, सत्तरी आणि सांगे या भागांत लोखंडाच्या व मँगनीजच्या खाणी जोराने सुरू झाल्या. जपान आपले पोलादाचे कारखाने नव्याने उभारीत होता. त्याला कच्चे लोखंड हवे होते. डोंगर फोडावा, माल ट्रकांनी नदीच्या धक्क्यावर आणावा, तिथून तो बार्जांत भरून मांडवीच्या पाण्यातून मुरगाव बंदरात न्यावा आणि आगबोटींवर चढवावा, असा हा धंदा. यात गोमंतकातली काही घराणी गबर झाली. बांदोडकर या धंद्यात शिरले ते पाठीशी जुनी पेढी किंवा वडिलार्जित वैभव घेऊन नव्हे. खाण-मालकांच्या पंक्तीत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पाट मांडला. त्यांना शिकारीचा नाद होता, खेळांची आवड होती, गाण्याचा कान होता. हात सढळ होता. देऊळ, शाळा, लग्नकार्य, आजारपण, कोणीही दारात गेला तर तो रिकाम्या हाती परतत नसे, अशी त्यांची ख्याती होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पहिली निवडणूक ठरली ९ डिसेंबर १९६३ रोजी. स्वातंत्र्याचे पुण्य पाठीशी असलेली काँग्रेसच निवडून येणार, असे दिल्लीपासून पणजीपर्यंत सगळ्या शहाण्यांचे मत होते. त्याच वर्षी बांदोडकरांच्या पुढाकाराने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला. निशाणी सिंह. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, आणि कसणाऱ्या गरीब माणसाला न्याय मिळावा, या दोन गोष्टींवर त्याने मते मागितली. तीस जागांच्या विधानसभेत या पक्षाला मित्रांसह सोळा जागा मिळाल्या. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला बारा मिळाल्या. काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. तिची एकुलती एक जागा आली ती दमणमधून. स्वतः भाऊसाहेब त्या निवडणुकीस उभेही नव्हते. तरी मुख्यमंत्री तेच झाले आणि पुढे मडकईतून पोटनिवडणुकीने विधानसभेत आले.

लगोलग १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. कुळाला मनमानीने जमिनीवरून काढता येणार नाही, आणि खंड पिकाच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त घेता येणार नाही. चोवीस खंडींचा सहावा हिस्सा चार. आजोबांच्या वहीतले ते पान इथे उलटते. खेड्याखेड्यांतून मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमच्या आजोळच्या गावात ज्या मुलांच्या घरी पाटीदेखील कधी आली नव्हती, ती मुले शाळेत बसू लागली. यातले काहीच आजोबांना मनापासून रुचले नाही. दुपारी ओसरीवर बसून खाणवाल्या शेठजीने दुसऱ्याच्या शेताच्या जिवावर पुण्य जोडावे यात मोठेपण कसले, असे ते म्हणत. त्यांच्या या म्हणण्यात काही अर्थ नव्हता असे मी म्हणणार नाही. भाताच्या शेताला कायदा लागला; खाणींच्या डोंगराला तसा कोणी हात लावला नाही.

आणि तरीही १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला तेव्हा आजोबा भल्या पहाटे उठून, धुवट धोतर नेसून मत द्यावयास गेले, आणि त्यांनी मत दिले ते बांदोडकरांच्या बाजूने. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पाने. आजोबांनी फूल पसंत केले. त्यांच्या आधी रांगेत त्यांचेच कूळ उभे होते. खंडावरून वर्षभर ज्यांचे बोलणे बंद होते, त्या दोघांचे मत त्या दिवशी एक पडले, असे आई सांगे. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचे सरकार आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये, पायउतार झाले होते.

मी त्या वेळी बारा वर्षांचा. कोल्हापुरात आमच्या माडीवर रेडिओभोवती शेजारपाजारचे लोक जमले होते. विलीनीकरणाला १,३८,१७० मते, विरुद्ध १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी आपण हरलो. पेडणे, डिचोली, सत्तरी या मुलखाने फुलाला भरभरून मते दिली होती, पण जुन्या काबिजादीने तराजू दुसरीकडे झुकविला. वडील कोणाशी न बोलता खाली निघून गेले. आईने त्या रात्री आजोबांना पत्र लिहावयास घेतले आणि तसेच ठेवून दिले.

पुढची गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळांना आजही उमगत नाही. कौलात हरलेला माणूस अडीच महिन्यांत पुन्हा लोकांसमोर उभा राहिला आणि मार्च १९६७ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाने सोळा जागा जिंकल्या. गोवा महाराष्ट्रात घालावयास नाही म्हणणाऱ्या प्रजेने गोवा चालवावयास मात्र त्यालाच सांगितले. मला वाटते, लोकांनी दोन प्रश्न वेगळे केले होते. राज्य कोणते, हा एक. आणि आपल्याला माणूस म्हणून उभे करणारा कोण, हा दुसरा. भाऊसाहेबांनीही तो निकाल मानला. ज्या प्रदेशाचे वेगळेपण त्यांना नको होते, त्याच प्रदेशाचा कारभार त्यांनी असा बसविला की ते वेगळेपण टिकण्याजोगे झाले. गोमंतकाच्या संगीत-नाट्याला घर देणारी कला अकादमी १९७० मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाली.

सारेच सुखाचे नव्हते. १९७० मध्ये त्यांचेच काही आमदार उलटले. भाऊसाहेब एकट्याच्या मताने कारभार हाकतात, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो अगदी निराधार म्हणता येत नाही. पेढीच्या मालकाची सवय मुख्यमंत्र्याच्या खुर्चीतही सुटली नव्हती. विरोधी बाकांवरून आलेल्या काहींच्या आधाराने त्यांनी सरकार तारले, आणि १९७२ मध्ये अठरा जागा मिळवून ते तिसऱ्यांदा आले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी, अधिकारावर असतानाच, वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत त्या पदावर होत्या. भाऊसाहेबांची समाधी पणजीला मिरामारच्या वाळूशेजारी आहे. गोवा ३० मे १९८७ रोजी स्वतंत्र राज्य झाला.

गेल्या वर्षी मी डिचोलीस जाऊन आलो. खाणींनी खोल कोरलेले खड्डे पाण्याने भरलेले दिसले. शिरगावासारख्या गावांच्या विहिरी मात्र त्याच खाणींनी आटविल्या. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हा धंदा बंद पडला. ज्या मातीने पेडण्याच्या एका मुलाला वर काढले तिचे देणे अजून फिटलेले नाही, हे तिथे उभे राहिले की कळते. भाऊसाहेबांचे चरित्र सांगताना हे गाळले तर ते आजोबांच्या वहीइतकेही खरे राहणार नाही.

आजोबांचे ते शेत आता त्या कुळाच्या वंशजांकडे आहे. त्या घरचा मुलगा शाळामास्तर आहे. त्याने मला ओसरीवर बसविले, सोलकढी दिली, आणि जाताना नव्या भाताची लहानशी गोणी गाडीत ठेविली. खंड म्हणून नव्हे, माहेरच्या लेकीच्या मुलाला द्यावयाची म्हणून. आजोबा असते तर त्यांनी ती घेतली असती की नाही, मला सांगता येत नाही. मी घेतली.