आनंदीबाई पेशवे

आनंदीबाई रघुनाथराव पेशवे (मृत्यू : इ.स. १७९४, आनंदवल्ली, नाशिक) या रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा पेशवे यांच्या पत्नी व दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री होत. इ.स. १७७३ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. नारायणरावांना धरण्यासंबंधीच्या आज्ञापत्रातील ‘धरावे’ हा शब्द त्यांनी ‘मारावे’ असा केला, हा आरोप ‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचाराच्या रूपाने मराठी भाषेत रुजला. मात्र हा आरोप कोणत्याही न्यायसभेत सिद्ध झालेला नाही.

पूर्वजीवन आणि विवाह

आनंदीबाईंचा जन्म कोकणात गुहागर परिसरातील ओक घराण्यात झाला. रघुनाथरावांची पहिली पत्नी जानकीबाई यांच्या निधनानंतर त्यांचा रघुनाथरावांशी विवाह झाला. रघुनाथराव हे पहिल्या बाजीरावांचे धाकटे पुत्र आणि उत्तरेकडील मोहिमांत नाव मिळवलेले सेनानी होते. नानासाहेब पेशव्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १७६१ मध्ये पेशवेपद नानासाहेबांचे पुत्र माधवराव यांच्याकडे गेले आणि काका-पुतण्यांत सत्तेचा संघर्ष सुरू झाला. इ.स. १७६८ मध्ये धोडप येथे रघुनाथरावांचा पराभव झाला व त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. या साऱ्या चढउतारांत आनंदीबाई पतीच्या बाजूने उभ्या होत्या. त्यांची महत्त्वाकांक्षा आणि राजकारणातील रस यांचा उल्लेख त्यांच्यावरील लेखनात वारंवार येतो.

नारायणरावांचा खून

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव थेऊर येथे मरण पावले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. थोड्याच महिन्यांत त्यांचे काकांशी पुन्हा बिनसले आणि रघुनाथरावांवरील पहारा कडक झाला. पगार थकल्याने गारदी असंतुष्ट होते. गणेशोत्सवाच्या दिवसांत, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, सुमेरसिंग, खरगसिंग व महंमद यूसफ यांच्या नेतृत्वाखाली गारदी वाड्यात घुसले. जीव वाचवण्यासाठी नारायणराव काकांच्या दालनात धावले व त्यांना बिलगले. तरी त्यांची हत्या झाली. रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवार हाही या कृत्यात सामील होता. नारायणरावांचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांना वाचवू पाहणारा सेवक चापाजी टिळेकर हाही मारला गेला.

रामशास्त्र्यांचा निवाडा

मुख्य न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाची चौकशी केली. त्यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना. या अपराधास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असा त्यांनी निर्वाळा दिल्याचे परंपरा सांगते. दोषी पेशव्याच्या राज्यात न्यायदान करण्याचे नाकारून त्यांनी पद सोडले. दरबारातील कारभाऱ्यांनी पुढे बारभाई मंडळ उभारून रघुनाथरावांना दूर सारले आणि नारायणरावांचा मृत्यूनंतर जन्मलेला पुत्र सवाई माधवराव यास पेशवेपदावर बसवले.

आरोप आणि त्यावरील वाद

आज्ञापत्रात फेरफार झाल्याची हकीकत जेम्स ग्रँट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासामुळे सर्वत्र पोहोचली. नारायणरावांना धरण्याची आज्ञा आपण दिली होती, मारण्याची नव्हे, असे रघुनाथरावांनी सांगितल्याचे आणि बदललेले पत्र रामशास्त्र्यांना मिळाल्याचे त्यात नमूद आहे. बदल आनंदीबाईंनी केला, हे मात्र डफ त्या काळच्या सार्वत्रिक समजुतीच्या आधारे लिहितो. घटना आणि हे लेखन यांत त्रेपन्न वर्षांचे अंतर आहे.

आरोप खरा मानणारे पुढील गोष्टींकडे लक्ष वेधतात : पतीला पेशवेपद मिळावे ही आनंदीबाईंची इच्छा होती, कैदेच्या काळात त्या पतीच्या निकट होत्या, आणि खुनाचा पहिला लाभ त्यांच्याच घरास झाला.

आरोपाविषयी शंका घेणाऱ्यांचे मुद्देही विचारात घेण्याजोगे आहेत. ज्या पत्रावर हा आरोप उभा आहे, ते मूळ पत्र उपलब्ध नाही. ‘धरावे’चे ‘मारावे’ करताना ‘ध’चा ‘म’ करणे पुरत नाही, त्यास कानाही जोडावा लागतो. शिवाय त्या काळचा दफ्तरी व्यवहार मोडी लिपीत चाले, त्यामुळे अक्षरांतील साम्याचा विचार मोडीच्या वळणानेच व्हावयास हवा. हेतू आणि लाभ हे दोन्ही रघुनाथरावांनाही तितकेच लागू पडतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या हकीकतीने रघुनाथरावांचा अपराध हलका होतो. पत्र बदलले गेले असे मानले, तर त्यांच्याकडे केवळ कैदेचा कट उरतो आणि खुनाचा दोष पत्नीवर जातो. आनंदीबाईंवर रीतसर अभियोग न चालल्याने त्यांना आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही, तशीच निर्दोष ठरण्याचीही मिळाली नाही. न्यायाधीशांनी दोषी ठरवलेल्या पतीपेक्षा लोकस्मृतीने अधिक दोष दिला तो त्यांनाच.

धार ते कोपरगाव

पुणे दुरावल्यावर रघुनाथरावांनी गर्भवती आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवले. तेथे जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धास तोंड फुटले. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे युद्ध थांबले. तहानुसार रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली व ते गोदावरीकाठी कोपरगाव येथे राहू लागले.

कोपरगाव हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण शिर्डीपासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. ११ डिसेंबर १७८३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. आनंदीबाई तेव्हा पुन्हा गर्भवती होत्या. मार्च १७८४ मध्ये धाकटे पुत्र चिमाजी यांचा जन्म झाला. दत्तकपुत्र अमृतराव, बाजीराव व चिमाजी यांच्यासह आनंदीबाईंनी पुढची वर्षे कोपरगावी पुणे दरबाराच्या देखरेखीखाली काढली. नंतर हे कुटुंब नाशिकजवळील आनंदवल्लीस हलवण्यात आले. तेथेच इ.स. १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी बाजीराव पेशवे झाले. मुलाचा तो उत्कर्ष पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

साहित्य, चित्रपट आणि भाषा

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) या नाटकाने आणि प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटाने हा प्रसंग घरोघरी पोहोचवला. त्यांतून आनंदीबाईंची कारस्थानी स्त्री ही प्रतिमा दृढ झाली. एखाद्याच्या लेखनात वा बोलण्यात लहानसा फेरफार करून अर्थाचा अनर्थ करणे, या अर्थाने ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आजही वापरात आहे. वाक्प्रचार रूढ असणे हा मात्र त्यामागील घटनेचा पुरावा ठरत नाही.

कोपरगाव येथील राघोबादादांचा वाडा हे राज्य संरक्षित स्मारक आहे.