योझेफ श्टेफान

योझेफ श्टेफान (२४ मार्च १८३५ – ७ जानेवारी १८९३) हे स्लोव्हेनियन वंशाचे ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ होते. पाठ्यपुस्तकांतील स्टीफन-बोल्ट्झमन नियमामुळे ते परिचित आहेत. धातूंच्या ओतकामाच्या संगणकीय प्रतिरूपणामागील गणितालाही त्यांचे नाव जोडले गेले आहे.

जीवन

ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्टजवळ सांक्ट पेटर येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी स्लोव्हेनियन भाषेत कविता लिहिल्या. व्हिएन्ना विद्यापीठात शिक्षण घेऊन ते १८६३ मध्ये तेथेच प्राध्यापक आणि १८६६ मध्ये भौतिकी संस्थेचे संचालक झाले. उष्ण पदार्थाचे प्रारण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हा नियम त्यांनी १८७९ मध्ये मांडला. त्यांचे शिष्य लुडविग बोल्ट्झमन यांनी १८८४ मध्ये त्याची सैद्धांतिक उपपत्ती दिली.

हिमनिर्मितीचा प्रश्न

१८८९ च्या सुमारास श्टेफान यांनी ध्रुवीय मोहिमांनी नोंदलेल्या मापनांच्या आधारे समुद्रावरील बर्फाच्या वाढीचा अभ्यास केला. पाणी गोठताना अप्रकट उष्णता बाहेर पडते. ती आधीच तयार झालेल्या थरातून वर जावी लागते. त्यामुळे थर जाड होईल तशी वाढ मंदावते आणि जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. येथे घन व द्रव यांमधील सीमा सतत सरकत असते आणि तिचे स्थान हेच शोधावयाचे असते. अशा प्रश्नांना ‘स्टीफन समस्या’ म्हणतात. लामे व क्लापेरॉन यांनी १८३१ मध्ये याच स्वरूपाचा प्रश्न हाताळला होता.

ओतकामातील उपयोग

साच्यात ओतलेला धातूही याच रीतीने गोठतो. मात्र गोठताना पाणी प्रसरण पावते, तर बहुतेक धातू आकुंचन पावतात. पातळ भाग आधी व जाड भाग शेवटी गोठतो. त्या वेळी तेथे द्रव धातू पोहोचला नाही, तर आत पोकळी राहते व भाग निकामी ठरू शकतो. गुंतागुंतीच्या आकारांसाठी हे गणित हाताने सुटत नाही. म्हणून संगणकात ओतीव भाग व साचा यांचे असंख्य सूक्ष्म घटक कल्पून, अप्रकट उष्णता हिशेबात घेऊन प्रत्येकाचे तापमान क्षणोक्षणी काढले जाते. मिश्रधातूंत सीमेऐवजी अर्धवट गोठलेला पट्टा असल्याने गणित अधिक कठीण होते. शेवटी कोणता भाग गोठेल हे आधीच कळल्यास तेथे जादा धातूचा साठा, म्हणजे रायझर, योजता येतो.

ल्युब्लियाना येथील योझेफ श्टेफान संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.