रोल्स-रॉइसमधले रॉइस



तुमच्यापैकी पुष्कळांना गाड्यांचे वेड आहे, हे मधल्या सुट्टीतल्या गप्पांवरून कळतेच. कोणाच्या बाबांनी जग्वार पाहून ठेवली आहे, कोणाच्या मामांकडे मर्सिडीज आली, कोणती गाडी ६० मैलांचा वेग किती सेकंदांत गाठते, हे सगळे तुम्हांला तोंडपाठ असते. मलाही हे वेड आहे. जिला इथे सलून आणि भारतात सेडान म्हणतात, अशी ऐटबाज गाडी घ्यायची नसली तरी शोरूममध्ये जाऊन पाहावी, किल्ली मिळाली तर एक चक्कर मारून यावी, यात फार मजा असते. पण गाडी पाहताना आपण नाव पाहतो, रंग पाहतो, सीटच्या चामड्यावरून हात फिरवतो. गाडी चांगली कशामुळे होते ते बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. त्या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी ज्यांनी सारा जन्म वेचला, त्या हेन्री रॉइस यांची ही ओळख.

हेन्रीचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी पीटरबरोजवळच्या आल्वॉल्टन या खेड्यात झाला. वडील पिठाची गिरणी चालवत. पाच भावंडांत हेन्री धाकटा. गिरणीचा धंदा बुडाला, कुटुंब लंडनला आले आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील वारले. तेव्हापासून या मुलाने रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली, घरोघरी तारा पोचवल्या. शाळा त्याच्या वाट्याला जेमतेम वर्षभर आली. १८७८ मध्ये एका मावशीने पैसे भरले म्हणून त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली. तिथे तो धातुकाम शिकला. तीन वर्षांनी मावशीचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट राहिली. म्हणजे हातात कसब होते, पण दाखवायला कागद नव्हता. नोकरीसाठी त्याला फार भटकावे लागले. लीड्सला हत्यारांच्या कारखान्यात, मग लंडनला विजेच्या कंपनीत काम करायचे आणि रात्रीच्या वर्गात वीज शिकायची, असे त्याचे दिवस गेले.

१८८४ मध्ये रॉइस यांनी अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्राबरोबर मँचेस्टरला छोटा कारखाना काढला. रॉइस यांची गाठीची शिल्लक होती २० पौंड. आधी विजेच्या घंटा, नंतर डायनामो आणि मग विजेवर चालणाऱ्या क्रेन अशी कारखान्याची वाढ होत गेली. माल भरवशाचा म्हणून नाव झाले. पण कामात बुडाले की रॉइस यांना खाण्यापिण्याची शुद्ध राहत नसे. १९०२ च्या सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. याच काळात त्यांनी एक जुनी फ्रेंच दकोव्हिल मोटार विकत घेतली.

ती गाडी त्या काळच्या मानाने वाईट नव्हती. पण तिचा खडखडाट, तिची थरथर, तिच्या विजेच्या जोडण्या रॉइस यांना पसंत पडेनात. दुसऱ्या कोणी गाडी विकून टाकली असती. रॉइस यांनी ती सुटी केली. प्रत्येक भाग हातात घेऊन तो असाच का केला, याहून चांगला कसा करता येईल, असा विचार केला आणि शेवटी स्वतःचीच मोटार बनवायला घेतली. १ एप्रिल १९०४ रोजी त्यांची पहिली गाडी रस्त्यावर आली. दोन सिलिंडरची, १० अश्वशक्तीची. नवा शोध म्हणावा असे तिच्यात फारसे काही नव्हते, पण प्रत्येक गोष्ट आधीच्यापेक्षा नीट केलेली होती.

त्याच सुमारास लंडनमध्ये चार्ल्स रोल्स नावाचे तरुण गृहस्थ मोटारींचे दुकान चालवत होते. लॉर्डाच्या घरचा मुलगा, केंब्रिजचा पदवीधर, शर्यतींचा शौकीन. त्यांच्याकडे गाड्या येत त्या युरोपातून. त्यांच्या तोडीची इंग्लिश गाडी मिळत नाही याची त्यांना खंत होती. हेन्री एडमंड्स या दोघांच्या परिचिताने गाठ घालून दिली. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघे भेटले. रॉइस ४१ वर्षांचे, रोल्स २६ वर्षांचे. एकाने पेपर विकलेले, दुसऱ्याने पैशाची चिंता कधी न केलेली. रोल्स यांनी गाडीतून फेरी मारली आणि या कारखान्याच्या सगळ्या गाड्या आपण विकू असे ठरवून टाकले. मार्च १९०६ मध्ये रोल्स-रॉइस कंपनी उभी राहिली.

तेव्हाची गाडी-खरेदी आजच्यासारखी नव्हती. कंपनीकडून मिळे तो नुसता सांगाडा, म्हणजे इंजिन, चाके आणि पोलादी चौकट. मग मालक तो घेऊन बग्गी बांधणाऱ्या कारागिरांकडे जाई आणि आपल्या पसंतीची पेटी त्यावर चढवून घेई. कोणी उघडी गाडी बांधून घेई, कोणी बंद सलून. म्हणजे ज्या चकचकीत भागाकडे पाहून आपण रोल्स-रॉइस म्हणतो, तो बहुधा रॉइस यांनी बनवलेलाच नसे. त्यांचे काम सगळे आत दडलेले.

ते काम कसे होते, याची दोन उदाहरणे सांगतो. चौकटीचे भाग त्या काळी तापलेले रिव्हेट ठोकून जोडत. पण रिव्हेट थंड झाला की आकसतो आणि भोकात किंचित मोकळा राहतो. ती फट आपल्याला दिसत नाही, पण हजारो मैल हादरे बसले की जोड खिळखिळा होतो. रॉइस यांनी निमुळते बोल्ट वापरले आणि प्रत्येक भोक त्या बोल्टाच्या मापाने हाताने घासून घेतले. दुसरे उदाहरण इंजिनाचे. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्ट लांब होतो, पिळवटतो, थरथरतो आणि कधी कधी मोडतोही. इतर कारखान्यांप्रमाणे रॉइस यांच्याही पहिल्या सहा सिलिंडरच्या गाडीला हा त्रास झाला. १९०६ च्या नव्या गाडीत त्यांनी तीन-तीन सिलिंडरचे दोन गट एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखे मांडले, क्रँकशाफ्ट जाड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि त्याच्या पोटातून दाबाने तेल खेळवले. थरथर गेली. माझा दिवस संगणकाच्या प्रोग्रॅममधले दोष शोधण्यात जातो, म्हणून मला याचे मोल विशेष वाटते. आवाज दाबून टाकणे सोपे असते. आवाज जिथून येतो तिथे पोचणे कठीण.

१९०७ मध्ये या जातीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ नावाच्या गाडीची परीक्षा झाली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली लंडन-ग्लासगो अशा खेपा रात्रंदिवस सुरू होत्या, विश्रांती फक्त रविवारी. ६२९ मैलांवर पेट्रोलची तोटी हादऱ्याने आपोआप बंद झाली आणि गाडी थांबली. त्यानंतर १५,००० मैल पुरे होईपर्यंत ती बिघाडाने एकदाही थांबली नाही. गणित करून पाहा, ते झाले १४,३७१ मैल. मग गाडी पूर्ण सुटी करून झीज मोजली. ती नव्यासारखी करायला लागणाऱ्या भागांचा खर्च निघाला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स.

आपल्या मुलखातही त्यांची गाडी कसोटीला उतरली. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची भरवसा-परीक्षा झाली, अंतर सुमारे ६२० मैल. उन्हाळ्यात मुंबईहून कोल्हापूरला गाडीने गेलेल्यांना तो घाट माहीत आहे. तेव्हाच्या रस्त्यांवर कितीतरी गाड्यांचे पाणी तिथे उकळत असेल! रॉइस यांची गाडी घाट न थांबता चढून गेली आणि अव्वल ठरली. ती पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली.

१९०८ मध्ये डर्बीला नवा कारखाना उघडला. १९१० च्या जुलैत रोल्स विमान अपघातात गेले. १९११ मध्ये रॉइस यांची तब्येत पार कोसळली. मोठी शस्त्रक्रिया झाली आणि ते फार दिवस काढणार नाहीत असे डॉक्टरांचे मत पडले. पण त्यानंतर ते वीसहून अधिक वर्षे जगले, तेही काम करत. डर्बीला ते जवळजवळ पुन्हा गेलेच नाहीत. उन्हाळ्यात इंग्लंडचा दक्षिण किनारा, हिवाळ्यात दक्षिण फ्रान्स, आणि आराखडे काढणारी माणसे त्यांच्याजवळ येऊन राहत. नकाशे तपासून डर्बीला जात. पहिल्या महायुद्धात त्यांनी ‘ईगल’ हे विमानाचे इंजिन बनवले. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन न थांबता अटलांटिक ओलांडून गेले, तेव्हा त्यांच्या विमानाला दोन ईगल इंजिने होती. १९२२ मध्ये ‘ट्वेंटी’ आली. शोफर न ठेवता स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी ती लहान रोल्स-रॉइस होती. आज आपण ज्या आरामशीर सलून गाड्या स्वतः चालवतो, त्यांची ही एक पणजी म्हणायला हरकत नाही.

१९३० मध्ये त्यांना सर किताब मिळाला. तरी स्वतःला मेकॅनिक म्हणवून घेणेच त्यांना आवडे. २२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथे ते वारले. त्यांच्या हयातीत आखणी सुरू झालेले ‘मर्लिन’ इंजिन त्याच वर्षी प्रथम चालले आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांत बसले.

मुलांनो, रॉइस यांचे सगळेच घेण्यासारखे नाही. उपाशीपोटी काम करून त्यांनी शरीर मोडून घेतले. हाताखालच्या माणसांनाही ते कडक होते. संसाराकडे लक्ष राहिले नाही, पत्नीपासून ते पुढे वेगळे राहिले. घ्यायचे ते एवढेच, की जे काम कोणी उघडून पाहणार नाही, तेही नीट करायचे. हे करायला पदवी लागत नाही, आणि पदवी असली म्हणून ते आपोआप जमतही नाही, हे मी माझी पदवी असूनही सांगतो.

आता बाबांबरोबर शोरूममध्ये गेलात तर आधी बॉनेट उघडायला सांगा. गाडी चालू करून स्टीअरिंगवर नुसता हात ठेवा, थरथर लागते का पाहा. दार लावून आवाज ऐका. आणि ए-वन रस्त्याने उत्तरेकडे जाताना पीटरबरो आले की आल्वॉल्टनला जरूर थांबा. तिथल्या छोट्या चर्चमध्ये रॉइस यांच्या अस्थी आहेत.