अनवाणी पायांची कमाई

१९३६ सालचे एक छायाचित्र आहे. ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबमध्ये जिमी मॅकमेनमी खाली वाकून एका तरुणाच्या पायांना पट्ट्या गुंडाळत आहेत. मॅकमेनमी स्वतः एके काळचे सेल्टिकचे नामवंत खेळाडू, आता प्रशिक्षक. समोर बसलेला खेळाडू कोलकात्याचा आहे. त्याच्या पायांना दुखापत झालेली नाही. तो बूट न घालता खेळतो, म्हणून या पट्ट्या. त्याचे नाव मोहम्मद सलीम.

सलीम यांचा जन्म १९०४ मध्ये कोलकात्याच्या मटियाबुर्ज भागातला. अवधचे राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह याच वस्तीत येऊन राहिले होते. सलीम यांचे घर मात्र साध्या परिस्थितीतले. त्यांनी औषधशास्त्राचे शिक्षण घेतले, पण मन रमले ते मैदानावर. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा ते सात वर्षांचे होते. बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या हिंदी पोरांनी बूटवाल्या गोऱ्या शिपायांना नमवले, ही गोष्ट त्या पिढीच्या प्रत्येक मुलाने ऐकलेली होती.

मोठेपणी सलीम एकाच क्लबचे होऊन राहिले नाहीत. मोहम्मडन स्पोर्टिंगच्या दुय्यम संघातून ते स्पोर्टिंग युनियनकडे गेले. मग ईस्ट बंगाल आणि आर्यन या क्लबांकडूनही खेळले. उजव्या कडेने चेंडू घेऊन धावायचे, बचावपटूला हुलकावणी द्यायची आणि गोलसमोर नेमका पास टाकायचा, हे त्यांचे काम. १९३४ मध्ये ते मोहम्मडन स्पोर्टिंगमध्ये परतले आणि त्याच वर्षी क्लबने कोलकाता लीग जिंकली. १८९८ पासून चाललेल्या या स्पर्धेचे विजेतेपद तोवर एकाही हिंदी संघाला मिळाले नव्हते. लष्करी पलटणी आणि युरोपियन क्लब यांचीच तिथे सद्दी होती. मोहम्मडनने ती मोडली आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे विजेतेपद हातचे जाऊ दिले नाही.

१९३६ च्या उन्हाळ्यात बर्लिन ऑलिम्पिकला निघालेला चीनचा संघ वाटेत कोलकात्यात खेळला. पहिल्या सामन्यात सलीम चमकले. दुसऱ्या सामन्याला ते हवे होते, पण त्यांचा पत्ताच लागेना. इकडे शोधाशोध सुरू होती, तिकडे सलीम विलायतेच्या बोटीत बसले होते. तिकडे राहणाऱ्या एका नातेवाइकाने त्यांचा खेळ पाहून आग्रह धरला होता की एकदा तिथल्या मैदानावर नशीब अजमावून बघ.

तो नातेवाईक त्यांना घेऊन थेट सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली यांच्याकडे गेला. सेल्टिक त्या वर्षीचा स्कॉटिश लीगविजेता. हिंदुस्थानातून आलेला अनोळखी माणूस, तोही अनवाणी खेळणारा, अंगावर धावून येणार ते टाचांना टणक बूट असलेले व्यावसायिक खेळाडू. मेली यांना नवल वाटणे साहजिक होते. तरी त्यांनी चाचणी घेतली आणि सलीम यांना क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघात उतरवले.

ते दोन सामने खेळले. हॅमिल्टनविरुद्ध सेल्टिक ५-१ ने जिंकले, गॅल्स्टनविरुद्ध ७-१ ने. गॅल्स्टनविरुद्धच्या सातपैकी तीन गोलांची वाट सलीम यांनी करून दिली होती. त्याच सामन्यात पेनल्टी घ्यायला त्यांना पुढे बोलावले, तर ते संकोचून मागेच राहिले. दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडच्या वर्तमानपत्रांत त्यांच्या पायांच्या जादूची वर्णने छापून आली.

सेल्टिकने त्यांना हंगामभर थांबायला सांगितले. पण सलीम यांचा जीव घराकडे लागला होता. परक्या मुलखात पैसा होता, नाव होते. आपली गल्ली, आपली माणसे नव्हती. ते परत निघाले. त्यांना थांबवण्यासाठी क्लबने काय केले, याची हकीकत त्यांच्या घरात पुढे सांगितली जात राहिली. त्यांच्यासाठी एक मदतनिधी सामना ठरवायचा आणि तिकिटांच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा त्यांना द्यायचा, असा तो प्रस्ताव होता. सामना बघायला येणाऱ्या यतीम मुलांना, म्हणजे अनाथ मुलांना, आपला वाटा द्या, असे सलीम यांनी सांगितले. रक्कम त्यांच्या अपेक्षेपेक्षा खूप मोठी निघाली, पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

इस्लाममध्ये यतीमाच्या हक्काला मोठे स्थान आहे. खुद्द प्रेषित मुहंमद (स.) लहानपणीच आई-वडिलांना पारखे झाले होते. सलीम ज्या संस्कारात वाढले, त्यात ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. आणि ज्या क्लबच्या सामन्यातून हे दान झाले, त्याचा जन्मही भुकेल्या मुलांसाठीच झालेला होता. ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश कॅथलिक धर्मबंधूंनी १८८७ मध्ये सेल्टिकची स्थापना केली, ती ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांना जेवण मिळावे, त्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून. मटियाबुर्जचा मुसलमान तरुण आणि आयरिश धर्मबंधू यांची कधी गाठ पडली नाही. वॉलफ्रिड १९१५ मध्येच वारले होते. तरी दोघांनी फुटबॉलच्या पैशाचा वाटा त्याच दारात नेऊन ठेवला.

कोलकात्याला परतून सलीम पुन्हा मोहम्मडनकडून अनवाणीच खेळू लागले. त्यांच्या व्यावसायिक कारकिर्दीचा हिशेब मांडायचा तर परदेशातले दोन सामने, एवढाच तो होतो. पुढे म्हातारपणी ते आजारी पडले, तेव्हा त्यांच्या मुलाने सेल्टिकला पत्र पाठवले आणि वडिलांच्या उपचारासाठी पैशांची गरज असल्याचे लिहिले. खरे तर पैसे मिळावेत हा हेतू नव्हता. चार दशकांपूर्वीचे दोन सामने तिथे कुणाला आठवतात का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

ग्लासगोहून उत्तर आले. सोबत शंभर पौंडांचा ड्राफ्ट होता.

१९८० मध्ये मोहम्मद सलीम यांचे निधन झाले. तो ड्राफ्ट मुलाने बँकेत कधीच भरला नाही. वडिलांची आठवण अजून तिकडे आहे, याची पोचपावती म्हणून त्याने तो घरात जपून ठेवला.