सालामांकाचे गुरुवर्य फादर फ्रान्सिस्को दे व्हितोरिया

महोत्सवाच्या अंकात संतांची व धर्मप्रचारकांची चरित्रे देण्याचा आपल्यात प्रघात आहे. ज्यांनी दूरदेशी जाऊन सुवार्ता गाजविली, श्रद्धेसाठी रक्त सांडले, त्यांची नावे आपण आदराने घेतो आणि ते योग्यच आहे. परंतु पवित्र सभेच्या सेवेत असेही काही पुरुष होऊन गेले की ज्यांनी महासागर कधी ओलांडला नाही, तलवारीचा वार सोसला नाही; केवळ वर्गात बसून शिष्यांस न्याय काय व अन्याय काय हे निर्भयपणे शिकविले. अशांपैकी एक थोर गुरू म्हणजे संत डोमिनिकाच्या संघाचे फादर फ्रान्सिस्को दे व्हितोरिया. त्यांचे चरित्र वाचकांनी लक्षपूर्वक वाचावे अशी विनंती आहे. कारण ज्या प्रश्नाशी ते झगडले तो प्रश्न परधर्मीयांच्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याचा आहे.

फादर व्हितोरिया यांचा जन्म पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्पेन देशाच्या उत्तर भागात झाला. तरुणपणीच त्यांनी बुर्गोस नगरातील संत पौलाच्या मठात संघाची वस्त्रे धारण केली. त्यांची बुद्धी पाहून वरिष्ठांनी त्यांस पुढील अध्ययनासाठी पॅरिस येथे धाडले. तेथे पीटर क्रोकार्ट या गुरूंच्या हाताखाली संत थॉमस अक्विनास यांच्या ग्रंथांची त्यांस गोडी लागली. १५१२ साली त्या संतांच्या महाग्रंथाचा नीतिविषयक भाग पॅरिसमध्ये छापला गेला, त्या कामी या तरुण विरक्ताने गुरूस साहाय्य केले. न्याय, मालकी, युद्ध, परतफेड हे विषय त्याच भागात येतात. पुढील आयुष्यात त्यांच्या हातून जे कार्य झाले त्याचे बी येथेच पेरले गेले असे म्हणावयास हरकत नाही.

१५२३ साली ते स्वदेशी परतले व वाल्यादोलिद येथील संत ग्रेगरीच्या विद्यालयात शिकवू लागले. १५२६ साली सालामांका विद्यापीठातील धर्मशास्त्राचे मुख्य आसन रिकामे झाले. त्या काळी तेथे उमेदवारांनी जाहीर परीक्षा द्यावी व विद्यार्थ्यांनी मते देऊन आपला गुरू निवडावा अशी रीत होती. विद्यार्थ्यांनी फादर व्हितोरिया यांस निवडले, आणि मरणापर्यंत, म्हणजे वीस वर्षे, ते त्या आसनावर राहिले.

शिक्षक या नात्याने त्यांनी दोन मोठे बदल केले. तोवर पीटर लोम्बार्ड यांचा जुना ग्रंथ धर्मशास्त्राचा पाठ्यग्रंथ होता. त्याच्या जागी त्यांनी संत थॉमस यांचा महाग्रंथ आणला. दुसरे असे की, ते सावकाश बोलून विद्यार्थ्यांस टिपणे उतरवून घेऊ देत. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु त्यांनी आपली व्याख्याने हयातीत स्वतः छापली नाहीत, आणि त्यांचे विचार आपणापर्यंत पोहोचले ते बहुतांशी शिष्यांच्या या वह्यांमुळेच. याहून महत्त्वाचा होता त्यांचा दृष्टिकोन. धर्मशास्त्र हे केवळ स्वर्गीय गोष्टींचे नव्हे. बाजारातील देवघेव, राजाची सत्ता, गरिबांचा हक्क, युद्धाची आज्ञा, हे सर्व धर्मशास्त्र्याच्या विचारकक्षेत येते अशी त्यांची धारणा होती.

आता त्या काळाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १४९२ साली कोलंबस अमेरिकेस पोहोचला व त्यामागोमाग स्पेनचे शिपाई तेथे गेले. १५११ साली त्याच संघाचे फादर अंतोनिओ दे मोंतेसिनोस यांनी हिस्पानिओला बेटावर उपदेशपीठावरून स्पॅनिश जमीनदारांस त्यांच्या क्रौर्याबद्दल खडसावले. उपाय काय झाला? १५१३ साली दरबाराने एक जाहीरनामा तयार करविला. लढाईपूर्वी तो तेथील लोकांस वाचून दाखवावयाचा. पोपमहाशयांनी ही भूमी स्पेनच्या राजास दिली आहे, ते मान्य करा, नाही तर युद्ध व दास्य पत्करा, असा त्याचा आशय होता. ज्यांस ती भाषा समजत नव्हती त्यांच्यापुढे तो वाचला जाई, आणि तेवढ्याने शिपायांची सदसद्विवेकबुद्धी शांत होई!

पुढे १५३२ साली पिसारो याने पेरू देशाचा राजा अताहुआल्पा यास पकडले, अपार सोने घेतले आणि दुसऱ्या वर्षी त्यास ठार केले. ही वार्ता सालामांकास पोहोचली तेव्हा फादर व्हितोरिया यांचे मन हेलावून गेले. १५३४ साली संघातील एका वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी पेरूतील या कृत्यांविषयी तीव्र उद्वेग प्रकट केला व आपण त्या विजेत्यांस निर्दोष म्हणू शकत नाही असे स्पष्ट कळविले. वाचकांस हे साल आठवत असेल. याच १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून आपली वसई पोर्तुगीजांच्या हाती आली.

त्या विद्यापीठात गुरूने वर्षातून एकदा सर्वांसमोर एका विषयावर भरगच्च व्याख्यान द्यावे असा नियम होता. १५३९ च्या आरंभी फादर व्हितोरिया यांनी अमेरिकेतील लोकांचा विषय घेतला. प्रश्न सरळ होता. हे लोक बाप्तिस्मा न घेतलेले. मग त्यांच्या भूमीवर, घरादारावर व राज्यावर त्यांची खरी मालकी आहे की नाही?

त्यांचे उत्तर असे की, मालकीचा हक्क श्रद्धेवर अवलंबून नाही, पुण्यशीलतेवरही नाही. मनुष्य देवाच्या प्रतिमेनुसार विचारशक्तीसह निर्माण झाला आहे. हक्काचा उगम तेथे आहे. पाप अथवा अश्रद्धा यांमुळे तो नाहीसा होत नाही. त्या लोकांत नगरे आहेत, विवाहसंस्था आहे, अधिकारी व कायदे आहेत, व्यापार आहे. तेव्हा त्यांस विचारहीन कोण म्हणेल? ते मंदबुद्धी भासत असतील तर तो संगोपनाचा व शिक्षणाचा दोष, आणि असे मागासलेले शेतकरी आपल्या स्पेनमध्येही आहेत, असे त्यांनी सुनावले.

मग त्यांनी स्पेनच्या बाजूने मांडली जाणारी कारणे एकामागून एक खोडून काढली. बादशहा साऱ्या जगाचा स्वामी नाही. पोपमहाशय साऱ्या जगाचे ऐहिक राजे नाहीत, सबब जे त्यांचे नाही ते त्यांनी कोणास दिले असे होत नाही. शोध लावला म्हणून भूमी आपली, हेही खोटे. कारण ती बेवारस नव्हती. भयाने दिलेली संमती ही संमतीच नव्हे. त्या लोकांनी सुवार्ता नाकारली म्हणून युद्ध करावे काय? तेही नाही. श्रद्धा बळाने उत्पन्न होत नाही. शिवाय नुसते ऐकताक्षणी विश्वास ठेवण्यास ते बांधलेले नाहीत. सांगणाऱ्याचे आचरण पवित्र असेल तर गोष्ट वेगळी, परंतु आपल्या कानी तर तेथील दुराचाराच्याच वार्ता येतात, असा त्यांनी शेवटी टोला दिला. त्याच वर्षी युद्धाविषयीच्या दुसऱ्या व्याख्यानात त्यांनी सांगितले की, धर्मभेद हे युद्धाचे न्याय्य कारण नव्हे. राज्यविस्तार वा राजाची कीर्ती हेही नव्हे. आणि युद्ध उघड अन्यायाचे दिसत असेल तर राजाज्ञा असूनही प्रजाजनाने लढू नये.

हे शब्द दरबारी पोहोचल्याविना कसे राहतील? नोव्हेंबर १५३९ मध्ये पाचवे चार्ल्स बादशहा यांनी सालामांकातील संत स्तेफनाच्या मठाच्या प्रमुखांस पत्र पाठवून, या विषयाची चर्चा बंद करावी व त्यासंबंधीचे कागद गोळा करावेत अशी आज्ञा केली. तरीही सत्याचे वजन असे की, १५४१ साली, पुरेसे शिक्षण न देता तेथील लोकांस बाप्तिस्मा द्यावा की काय, असा प्रश्न उद्भवला तेव्हा याच धर्मशास्त्र्यांचा अभिप्राय मागविण्यात आला. फादर व्हितोरिया व त्यांचे सहकारी यांनी उत्तर दिले की, श्रद्धेचे व आचाराचे पुरेसे शिक्षण झाल्याशिवाय बाप्तिस्मा देऊ नये. दुसऱ्या वर्षी, १५४२ साली, तेथील लोकांस दास करण्यास मनाई करणारे नवे कायदे निघाले. त्यामागे फादर बार्तोलोमे दे लास कासास यांचे परिश्रम मुख्य होते हे खरे.

चरित्र लिहिताना केवळ स्तुती करणे हा सत्याचा अपमान होय. फादर व्हितोरिया यांनी काही कारणे न्याय्य मानली: प्रवासाचा व व्यापाराचा हक्क, सुवार्ता सांगण्याचा हक्क, नरबळीपासून निरपराध्यांचा बचाव. या कारणांचा आधार पुढे लोभी लोकांस घेता आला. तसेच पोर्तुगीज व्यापारी आफ्रिकेतून माणसे विकत आणीत, त्याविषयी त्यांनी कपटाने पकडणे व निर्दयतेने वागविणे यांचा निषेध केला, परंतु मूळ युद्धे न्याय्य होती की नाही याची चौकशी खरेदीदाराने करावी असे म्हटले नाही. ज्या कसोटीने त्यांनी पेरूचा न्याय केला ती येथे लावली गेली नाही. थोर पुरुषाची दृष्टीही कोठेतरी थांबते. म्हणून शिष्याने गुरूच्या पुढे पाहावे.

अखेरच्या वर्षांत संधिवाताने त्यांस जर्जर केले. चालता येईना, तेव्हा त्यांस खुर्चीत बसवून वर्गात नेत. १५४५ साली त्रेंत येथील धर्मसभेस येण्याचे आमंत्रण आले, पण प्रकृतीमुळे ते स्वीकारता आले नाही. १२ ऑगस्ट १५४६ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांची व्याख्याने १५५७ साली लियों नगरात छापली गेली. त्यांचे शिष्य फादर अलोन्सो दे ला व्हेराक्रूझ यांनी १५५३ साली नव्याने स्थापन झालेल्या मेक्सिकोच्या विद्यापीठात, त्याच लोकांच्या भूमीवर उभे राहून, त्यांच्या मालकीहक्काचा विषय शिकविला. याहून गुरूचे सुंदर स्मारक कोणते?

पवित्र सभेने हा मार्ग पुढे अधिक स्पष्ट केला. तिसरे पौल पोपमहाशय यांनी १५३७ सालीच अमेरिकेतील लोकांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावू नये असे जाहीर केले होते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने धर्मस्वातंत्र्य व इतर धर्मीयांविषयी आदर यांची घोषणा केली. २०२३ साली शोधाच्या नावाखाली परभूमी घेण्याचे तत्त्व रोमने उघडपणे अमान्य केले. वर्गातील सत्य जगाच्या गळी उतरण्यास कधीकधी शतके लागतात.

वसईच्या किल्ल्यात संत डोमिनिकाच्या संघाच्या मठाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. तेथे जाणाऱ्याने या गुरूचे क्षणभर स्मरण करावे. आपला हिंदू वा मुसलमान शेजारी, आपल्या वाडीत मजुरीस येणारा आदिवासी बांधव, यांचा मान आपण कृपा म्हणून राखीत नसतो. देवाने त्यांस दिलेला तो हक्क आहे. आपली सुवार्ता त्यांच्या कानी पडते ती आधी आपल्या वर्तनातून. धर्मशिक्षणाच्या वर्गात बसणाऱ्या आपल्या मुलांस व गुरुविद्यालयात जाणाऱ्या तरुणांस प्रार्थनेबरोबर न्यायाचा हा पाठही मिळो, म्हणजे आपला महोत्सव देवास मान्य होईल. तो दयाळू प्रभू आम्हां सर्वांस तशी बुद्धी देवो.